चोवीस दिवसांनी धाकटा

19 मे 2004. मिनियापोलिसचं टार्गेट सेंटर खच्चून भरलेलं. मिनेसोटा टिम्बरवुल्व्ज विरुद्ध सॅक्रॅमेंटो किंग्ज, एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीतला सातवा आणि अखेरचा सामना. शेवटच्या काही सेकंदांत किंग्ज तीन गुणांनी मागे होते आणि चेंडू ख्रिस वेबरच्या हातात होता. त्याने तीन गुणांच्या रेषेबाहेरून शॉट मारला. चेंडू रिंगमध्ये शिरला, आतल्या आत गरकन फिरला आणि बाहेर पडला. 83-80. पुढच्याच क्षणी केविन गार्नेट कोर्टाच्या कडेला असलेल्या स्कोअररच्या टेबलावर चढला आणि वीस हजार माणसांसमोर छाती काढून ओरडला. त्या रात्री त्याचे 32 गुण होते, 21 रिबाउंड होते, आणि त्याचा अठ्ठाविसावा वाढदिवस होता.

हा आनंद अजिंक्यपदाचा नव्हता. उपांत्य फेरी गाठल्याचा होता, एवढं लक्षात घेतलं की मग त्या टेबलावर चढण्याचा अर्थ लागतो. गार्नेटचं मिनेसोटातलं ते नववं वर्ष. त्याआधी सलग सात वर्षं, 1997 पासून 2003 पर्यंत, त्याचा संघ प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत गारद झाला होता.

गार्नेटपेक्षा फक्त चोवीस दिवसांनी मोठा असलेला एक माणूस तोवर दोन अजिंक्यपदं घेऊन बसला होता. टिम डंकन, जन्म 25 एप्रिल 1976. दोघांची उंची जवळपास सारखी, सात फुटांना जेमतेम इंचभर कमी. जागाही एकच, पॉवर फॉरवर्ड. 2002 आणि 2003 चा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू डंकन, 2004 चा गार्नेट. दोघं निवृत्तही एकाच वर्षी झाले, 2016 मध्ये. तोवर डंकनकडे पाच अजिंक्यपदं होती, गार्नेटकडे एक. ते एकही मिनेसोटातलं नव्हे.

बास्केटबॉलच्या चाहत्यांत एक जुना वाद आहे: कोवळ्या वयातल्या असामान्य खेळाडूला फुलायला शेजारी तितकेच मोठे खेळाडू लागतात का, की जो मुळात खरा आहे तो कुठेही उगवतो? या वादात दोन्ही बाजूंना हवे तसे दाखले सापडतात, कारण एकच माणूस दोन वेगळ्या संघांत एकाच वेळी वाढवून बघता येत नाही. डंकन आणि गार्नेट ही जोडी मात्र त्या प्रयोगाच्या बरीच जवळ जाते. म्हणून आधी त्यांचीच गोष्ट नीट पाहायला हवी.

डंकन सेंट क्रॉइ बेटावरचा, अमेरिकेच्या ताब्यातल्या व्हर्जिन आयलंड्समधला. लहानपणी तो पोहायचा आणि त्यातच नाव काढायच्या तयारीत होता. 1989 मध्ये ह्युगो चक्रीवादळाने बेटावरचा पोहण्याचा तलाव उद्ध्वस्त केला. पोरगा उशिराच बास्केटबॉलकडे वळला. आईला शब्द दिला होता म्हणून वेक फॉरेस्ट विद्यापीठात चार वर्षं काढून पदवी घेतली आणि मगच 1997 च्या ड्राफ्टला आला. पहिल्या क्रमांकावर त्याला सॅन अँटोनिओ स्पर्सने उचललं.

एनबीएचा ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची वाटणी. ती अशी की जो संघ तळाला, त्याला आधी निवडायची संधी अधिक. म्हणजे सगळ्यात गुणी पोर दुबळ्या घरी जाण्याची शक्यता नियमातच आहे. पण स्पर्स दुबळे नव्हतेच. 1995-96 मध्ये त्यांनी 59 सामने जिंकले होते. पुढच्या वर्षी त्यांचा आधारस्तंभ डेव्हिड रॉबिन्सन दुखापतींमुळे जेमतेम सहा सामने खेळला, संघ 20-62 वर कोसळला, सोडतीत नशीब लागलं आणि डंकन मिळाला. रॉबिन्सन तर बरा होऊन परतणारच होता. असा योग क्वचित जुळून येतो.

रॉबिन्सन 1995 चा सर्वोत्तम खेळाडू. वय बत्तीस. संघ त्याचा, शहर त्याचं. अशा माणसाच्या जागेवर हक्क सांगायला एकवीस वर्षांचा मुलगा आला तर काय होतं, हे आपल्या क्रिकेट संघांत, राजकीय पक्षांत आणि गायकांच्या घराण्यांत आपण पुष्कळदा पाहिलेलं आहे. रॉबिन्सनने त्या उन्हाळ्यात डंकनला कोलोराडोतल्या अ‍ॅस्पेन इथल्या आपल्या घरी बोलावलं आणि त्याच्याबरोबर सराव केला. दुखापतीआधीच्या हंगामात तो सामन्यामागे 25 गुण करत होता. डंकनच्या पहिल्या वर्षी ते 21.6 झाले, दुसऱ्या वर्षी 15.8. त्या दुसऱ्या वर्षी, 1999 मध्ये, स्पर्स पहिल्यांदा अजिंक्य ठरले. घसरण वयाचीही होती, नाही असं नाही. पण चेंडू डंकनच्या हातात जाऊ देणं ही निवड रॉबिन्सनची होती आणि त्याने ती तोंड वाकडं न करता केली. 2000 मध्ये डंकन ऑर्लँडोला जायच्या बेतात होता, तेव्हा हवाईतली सुट्टी सोडून त्याला अडवायला धावत आला तोही रॉबिन्सनच.

तिकडे गार्नेट. दक्षिण कॅरोलायनातला मुलगा, शाळेचं शेवटचं वर्ष शिकागोच्या फॅरागट अ‍ॅकॅडमीत. 1995 मध्ये तो कॉलेजला न जाता थेट शाळेतून एनबीएत आला. असं वीस वर्षांत कोणी केलं नव्हतं. पाचव्या क्रमांकावर मिनेसोटाने घेतला. मिनेसोटा हा 1989 पासून खेळणारा नवा संघ, एकदाही प्लेऑफ न पाहिलेला. सोबतीला कोण? सॅम मिचेलसारखे काही अनुभवी, सरळमार्गी खेळाडू. महान कोणीच नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला विमानात कुठे बसायचं, पैसे कसे सांभाळायचे, आपल्यापेक्षा वीस किलोंनी जड माणसाला अंगावर कसं घ्यायचं, हे मिचेलसारख्यांनी शिकवलं. तिसऱ्या हंगामापर्यंत गार्नेट संघाला दोनदा प्लेऑफमध्ये घेऊन गेला होता. गुणवत्ता फुलायला महान सहकारी लागतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी या तीन वर्षांपाशी जरा थांबावं.

1996 च्या ड्राफ्टच्या रात्री मिनेसोटाने रे अ‍ॅलनला निवडलं आणि लगेच मिलवॉकीला देऊन बदल्यात स्टीफन मार्बरी घेतला. ब्रुकलिनच्या कोनी आयलंडचा, वीजेसारखा पॉइंट गार्ड. गार्नेट आणि मार्बरी, दोघंही विशीच्या आसपास. पुढची दहा वर्षं ही जोडी राज्य करणार असं सगळ्यांनी लिहून टाकलं. मग पैसा आड आला. 1997 मध्ये गार्नेटने सहा वर्षांसाठी 12 कोटी 60 लाख डॉलरचा करार केला. मालकांना एवढी धडकी भरली की पुढच्या वर्षी त्यांनी लीगलाच टाळं ठोकलं. 1998-99 चा हंगाम 50 सामन्यांवर आला आणि नव्या नियमात एका खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा बसली. मार्बरीचा करार त्या मर्यादेखाली आला. आपण कधीच गार्नेटएवढं कमावू शकणार नाही हे त्याला कळलं आणि मार्च 1999 मध्ये तो न्यू जर्सीला निघून गेला. (हाच मार्बरी पुढे चीनमध्ये गेला, बीजिंगच्या संघाला तीनदा अजिंक्यपद मिळवून दिलं आणि तिथे त्याचा पुतळा उभा राहिला. ती एक स्वतंत्र कादंबरी आहे.)

मे 2000. संघातला मलिक सीली गार्नेटचा वाढदिवस साजरा करून घरी निघाला होता. समोरून एक दारुडा चुकीच्या बाजूने गाडी चालवत आला. सीली जागीच गेला. गार्नेट लहानपणी ज्या खेळाडूचं चित्र भिंतीवर लावायचा तो हाच. शेवटी शेवटी ब्रुकलिनकडून खेळताना गार्नेटने सीलीचा 2 क्रमांक अंगावर घेतला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिनेसोटाच्या व्यवस्थापनाची लबाडी उघडी पडली. जो स्मिथ या खेळाडूशी त्यांनी छुपा करार केला होता: आता थोडक्या पगारावर खेळ, नंतर भरपाई करू. संघाच्या एकूण पगारमर्यादेला बगल द्यायची ही युक्ती एजंटांच्या कोर्टकज्ज्यात बाहेर आली. लीगने 35 लाख डॉलर दंड केला आणि संघाचे पाच वर्षांचे पहिल्या फेरीतले निवडीचे हक्क काढून घेतले. शिक्षा पुढे थोडी सौम्य झाली, पण नुकसान व्हायचं ते झालंच. तरुण जोडीदार ज्या वाटेने यायचे ती वाटच बंद. पैशाने विकत घ्यावेत, तर 2003-04 मध्ये एकट्या गार्नेटचा पगार 2 कोटी 80 लाख डॉलर आणि अख्ख्या संघाची मर्यादा साधारण 4 कोटी 40 लाख. म्हणजे गार्नेटला सोबत मिळाली नाही याला थोडा गार्नेटही कारणीभूत होता, हे त्याच्या भक्तांना आवडत नाही. डंकनने 2012 मध्ये आपला पगार निम्म्याहून कमी करून घेतला, आणि दोन वर्षांत पाचवं अजिंक्यपद आलं. अर्थात तेव्हा तो छत्तिशीत होता. पंचविशीत असा त्याग करणारा मला तरी आठवत नाही, आणि करावा अशी अपेक्षाही बरी नव्हे.

दोघांची गाठ प्लेऑफमध्ये दोनदा पडली, 1999 मध्ये आणि 2001 मध्ये, दोन्ही वेळा पहिल्या फेरीत. दोन्ही वेळा स्पर्स 3-1 ने जिंकले.

बास्केटबॉलमध्ये एकट्याचं एवढं अडतं कुठे? वरवर पाहिलं तर या खेळात एकट्याला सर्वाधिक वाव. कोर्टावर पाचच जण, आणि उत्तम खेळाडू 48 पैकी 40 मिनिटं खेळतो. क्रिकेटमध्ये समोरच्या टोकाला कोणीही असला तरी गोलंदाजाला चेंडू आपल्याच फलंदाजाला टाकावा लागतो. बास्केटबॉलमध्ये प्रतिस्पर्धी ठरवू शकतात की या माणसाच्या हातात चेंडू जाऊच द्यायचा नाही. दोघं त्याच्या अंगावर धावून जातात. मग उरलेल्या चौघांवर तिघेच राहतात. कोणीतरी मोकळा असतोच. आता चेंडू त्या मोकळ्याकडे गेला आणि त्याने बास्केट केली, तर पुढच्या वेळी दोघं धावून जायला कचरतात. त्याने चुकवली, तर तिघंही धावून जातील. दिसायला हा सामना एकट्या मोठ्या खेळाडूचा असतो, पण त्याचा निकाल त्या मोकळ्या माणसाच्या मनगटात असतो.

2001 पर्यंत नियमांचा थोडा आधार होता. बचाव करणाऱ्याने आपला माणूस सोडून रिंगखाली घुटमळत राहणं बेकायदा मानलं जायचं. 2001-02 पासून झोन बचावाला परवानगी मिळाली. तेव्हापासून शेजारी लांबून नेम धरणारे नसतील, तर मोठ्या खेळाडूभोवती अक्षरशः गर्दी होते. त्याच उन्हाळ्यात स्पर्सने ड्राफ्टमध्ये 28 व्या क्रमांकावर पॅरिसमध्ये खेळणारा एकोणीस वर्षांचा टोनी पार्कर उचलला. अर्जेंटिनाचा मनू जिनोबिली त्यांनी 1999 मध्येच 57 व्या क्रमांकावर घेऊन ठेवला होता. तेव्हाच्या ड्राफ्टमध्ये एकूण निवडी 58. डंकनला महान सहकारी मिळाले असं आज आपण सहज म्हणतो. निवडले गेले तेव्हा त्यांना महान कोण म्हणत होतं? त्यातला एक जण तर शेवटून दुसरा होता.

2003 च्या उन्हाळ्यात मिनेसोटाने अखेर सॅम कॅसल आणि लॅट्रेल स्प्रीवेल आणले. दोघं तिशी ओलांडलेले, तिखट जिभेचे, पण शेवटच्या दोन मिनिटांत हात न थरथरणारे. त्या वर्षी संघ 58 सामने जिंकला, गार्नेटने सामन्यामागे 24.2 गुण, 13.9 रिबाउंड आणि 5 असिस्ट केले आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. वाढदिवसाचा तो सामना झाला. पुढच्या फेरीत लेकर्सविरुद्ध कॅसलचं कंबरेचं दुखणं एवढं वाढलं की तो जवळजवळ बादच झाला, आणि जवळपास सात फुटी गार्नेटला स्वतः चेंडू टप्पे घेत पुढे आणण्याचं कामही करावं लागलं. मालिका 4-2 ने गेली. पुढच्या हंगामाआधी स्प्रीवेलने तीन वर्षांसाठी देऊ केलेले 2 कोटी 10 लाख डॉलर घर चालवायला पुरत नाहीत म्हणून नाकारले. 2005 मध्ये दोघंही गेले. 2004 नंतर गार्नेट मिनेसोटात असेपर्यंत, सलग तीन वर्षं, संघाला प्लेऑफचं तोंड दिसलं नाही. त्या काळातल्या एका मुलाखतीत गार्नेट जुन्याजाणत्या कोच जॉन थॉम्प्सन यांच्यासमोर बसून रडला. पैसा, पुरस्कार सगळं असताना तो फक्त हरण्याबद्दल बोलत होता.

31 जुलै 2007 ला मिनेसोटाने त्याला बॉस्टनला दिलं. बदल्यात पाच खेळाडू आणि पहिल्या फेरीतल्या दोन निवडी, म्हणजे एकासाठी सात. बॉस्टनकडे पॉल पिअर्स होताच. आणि त्याच उन्हाळ्यात सिअ‍ॅटलहून आला होता रे अ‍ॅलन, ज्याला मिनेसोटाने अकरा वर्षांपूर्वी ड्राफ्टच्याच रात्री देऊन टाकलं होतं. आदल्या वर्षी 24-58 असलेला संघ 66-16 झाला. एनबीएच्या इतिहासात एका वर्षात एवढी उडी कोणी मारली नव्हती. जून 2008 मध्ये लेकर्सना शेवटच्या सामन्यात 131-92 असं धुऊन काढून ते अजिंक्य ठरले.

आता आकडे बघा. बॉस्टनच्या त्या वर्षात गार्नेटचे गुण 18.8, रिबाउंड 9.2. मिनेसोटापेक्षा दोन्ही खाली. अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू पिअर्स. गार्नेटला मिळाला तो वर्षातल्या सर्वोत्तम बचावपटूचा मान. महान सहकाऱ्यांमुळे तो अधिक चांगला खेळाडू झाला असं काही दिसत नाही. तो आधीच पूर्ण होता. फरक पडला तो त्याच्या खेळाचा उपयोग होण्यात. मला वाटतं या सगळ्या वादात घोळ होतो तो इथे. क्षमता गाठली की नाही हे आपण ट्रॉफ्या मोजून ठरवतो, आणि मग म्हणतो की बिचाऱ्याला सोबत नव्हती. कसब येणं आणि जिंकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. जिंकायला तोलामोलाचे जोडीदार लागतात, यात वादच नाही. 1986 मध्ये बॉस्टनच्या अंगणात 63 गुण करून मायकल जॉर्डनही हरला होता. कसबाचं तसं नाही. तिथे मोठे सहकारी कधी कधी मुळावरही येतात.

जर्मेन ओनीलचं उदाहरण घ्या. 1996 मध्ये तोही शाळेतून थेट आला, 17 व्या क्रमांकावर, पोर्टलंडकडे. संघात रशीद वॉलेस, साबोनिस, ब्रायन ग्रँट. पुढे स्कॉटी पिपेनही आला. शिकायला याहून चांगली शाळा कुठली? ओनील तिथे चार वर्षं बाकावर बसला. पोर्टलंडला दरवर्षी जिंकायचंच होतं, त्यामुळे पोराच्या चुका सहन करायला कोणाला सवड नव्हती. 2000 मध्ये तो संघ लेकर्सविरुद्ध सातव्या सामन्यात शेवटच्या सत्रात 15 गुणांची आघाडी घालवून हरला आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी ओनीलला इंडियानाला देऊन टाकलं. तिथे त्याला रोज खेळायला मिळालं. दोन वर्षांत तो सर्वाधिक सुधारलेला खेळाडू ठरला आणि पुढे सहा वेळा ऑलस्टार झाला. सराव त्याने पोर्टलंडलाही केला होताच, त्यामुळे ती चार वर्षं अगदी वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण पाचवं वर्षही तिथेच गेलं असतं तर आज त्याचं नाव इथे आलं नसतं.

जेम्स हार्डन ओक्लाहोमाला केविन ड्युरंट आणि रसेल वेस्टब्रुक यांच्यामागे तिसरा होता. 2012 मध्ये सामन्यामागे 16.8 गुण, बाकावरून येणाऱ्यांत सर्वोत्तम. त्याच ऑक्टोबरात ह्युस्टनला गेला आणि पहिल्याच हंगामात 25.9. निकोला योकिचची गोष्ट आणखी बोलकी. डेन्व्हरकडे युसुफ नुर्किच नावाचा दुसरा धिप्पाड सेंटर होता, दोघंही चांगले, आणि दोघं मिळून कोर्टावर गर्दी करायचे. डिसेंबर 2016 मध्ये कोच माइक मलोन यांनी योकिचला एकट्याला मध्यभागी उभं केलं, नुर्किच दोन महिन्यांत पोर्टलंडला रवाना झाला, आणि ड्राफ्टमध्ये 41 व्या क्रमांकावर, टीव्हीवर जाहिरात चालू असताना पुकारलेला हा सर्बियन मुलगा पुढे तीनदा सर्वोत्तम खेळाडू झाला. त्याच्या वाढीतली मोठी घटना म्हणजे एक चांगला सहकारी कमी होणं.

मग दुबळ्या संघात टाकणंच बरं का? फिलाडेल्फियाने ते करून पाहिलंय. 2013 पासून त्यांनी मुद्दाम हरायचं धोरण घेतलं: जाणते खेळाडू विका, तळाला जा, ड्राफ्टमध्ये हिरे गोळा करा. 19-63, मग 18-64, मग 10-72. या काळातला पहिला मोहरा मायकल कार्टर-विल्यम्स. पदार्पणातच त्याने अजिंक्य मायामीविरुद्ध 22 गुण, 12 असिस्ट आणि 9 वेळा चेंडू हिसकावणं असा पराक्रम केला आणि 2014 चा सर्वोत्तम नवोदित ठरला. चेंडू सतत त्याच्याच हातात. शॉट मात्र पडत नव्हता, आणि पडत नाही म्हणून कोणी थांबवतही नव्हतं. दीड वर्षात त्याला विकलं, नंतर तो संघामागून संघ फिरत राहिला. 2015 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर आलेला जलील ओकाफोर पहिल्या वर्षी 17.5 गुण करत होता. त्या संघात मुरलेली, जाणती माणसं जवळजवळ नव्हतीच. पोरगा रात्री रस्त्यावर मारामारी करताना कॅमेऱ्यात सापडला, तेव्हा कुठे व्यवस्थापनाला जाग आली आणि निवृत्तीच्या वाटेवरचा एल्टन ब्रँड परत बोलावला गेला. ओकाफोरचा आलेख पहिल्या वर्षानंतर खालीच गेला. संधी दोघांनाही भरपूर मिळाली. टोकणारा वडीलधारा कोणी नव्हता.

म्हणून मला गार्नेटच्या पहिल्या तीन वर्षांतला सॅम मिचेल महत्त्वाचा वाटतो. ऑलस्टार सामन्याच्या यादीत त्याचं नाव शोधू नका, सापडणार नाही.

ड्राफ्टमधला 15 वा क्रमांक या बाबतीत मजेदार आहे. 2011 मध्ये 15 वा आला कवाय लिओनार्ड, आणि तोही सॅन अँटोनिओत, डंकन-पार्कर-जिनोबिलींच्या घरात. तिथे चिप एंगेलँड नावाच्या कोचने त्याचा शॉट नव्याने बसवून दिला. थोरल्यांचे हात चेंडूवर असताना त्याने प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वोत्तम खेळाडूला रोखण्याचं एकच काम आधी पक्कं केलं, आणि 2014 मध्ये बाविसाव्या वर्षी अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

2013 चा 15 वा म्हणजे यानिस आंतेतोकुंपो. अथेन्सच्या सेपोलिया वस्तीत वाढलेला, नायजेरियन आईबापांचा मुलगा, रस्त्यावर घड्याळं आणि गॉगल विकून घराला हातभार लावणारा. भावाबरोबर एकच बूटजोडी आलटून पालटून वापरायचा. ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीतल्या फिलाथलिटिकॉस क्लबकडून तो खेळत होता. सहकारी म्हणावेत तर तिथे कोण असणार? तिथून तो थेट मिलवॉकीला आला, आणि त्याच्या पहिल्या वर्षी मिलवॉकी 15-67, लीगमध्ये सगळ्यात खाली. हरणाऱ्या संघाला घाई नसते. या साडेसहा फुटांहून उंच, काडी अंगाच्या पोराला रोज चोवीस-पंचवीस मिनिटं मिळाली. पुढे जेसन किड कोच झाले आणि त्यांनी 2016 मध्ये त्याच्या हातात चक्क पॉइंट गार्डसारखा चेंडू दिला. जिंकायला बसलेल्या संघात असला जुगार कोणी खेळला नसता. ज्या उन्हाळ्यात यानिस आला त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइटहून अदलाबदलीत ख्रिस मिडलटन नावाचा एक मुलगा आला होता, आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमधला 39 वा. त्याची कोणी बातमीही केली नाही. दोघं सात वर्षं एकत्र हरले आणि एकत्र शिकले. 2020 मध्ये ज्रू हॉलिडे आला, आणि 2021 च्या अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात यानिसने 50 गुण ठोकून मिलवॉकीला पन्नास वर्षांनी अजिंक्यपद मिळवून दिलं. जन्माचा कच्चा फ्री थ्रोवाला, त्या रात्री 19 पैकी 17.

एक 15 वा श्रीमंत घरी वाढला, एक कंगाल घरी. दोघंही शिखरावर पोचले. दोन्ही घरांत एक गोष्ट होती: पोराकडून आज काय करून घ्यायचं आणि उद्या काय, हे कोणीतरी ठरवत होतं.

हे सगळं अमेरिकेतलं झालं. आपल्याकडे हा प्रश्न विचारायचा तर सतनाम सिंगकडे बघावं लागतं. पंजाबातल्या बल्लो के गावचा सात फूट दोन इंची मुलगा, लुधियाना बास्केटबॉल अकादमीत एस. सुब्रमणियन यांच्या हाताखाली घडलेला. 2010 मध्ये तो शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत गेला. 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला 52 व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतात जन्मलेला खेळाडू. डॅलसच्या मुख्य संघातून एकही अधिकृत सामना न खेळता दोन वर्षांत तो परतला, आणि पुढे व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात गेला. त्याला महान सहकारी मिळाले नाहीत असं म्हणता येणार नाही, डॅलसमध्ये तेव्हा डर्क नोविट्झकी होता. पण नोविट्झकी ज्या वयात जर्मनीत मोठ्यांच्या संघात खेळत होता, त्या वयात सतनामला त्याच्या उंचीचा, त्याला ढकलू शकेल असा मुलगा सरावाला मिळणंच मुश्कील होतं. उंच पोराला लहानपणी कोणी अडवणारं नसलं की त्याचे पाय शिकत नाहीत. हात नुसते वर करूनच काम भागतं.

आपल्या राज्यात याचं उलट चित्र बघायचं तर मुंबईच्या नागपाड्यात जावं. अर्जुन पुरस्कार मिळवलेला भारताचा माजी कर्णधार अब्बास मुंतसिर इथलाच, आणि त्याच्यानंतरही या दाटीवाटीच्या वस्तीने कितीतरी राष्ट्रीय खेळाडू दिले. मस्तान वायएमसीएच्या कोर्टाचं नाव देशभरातल्या बास्केटबॉलवाल्यांना ठाऊक आहे. तिथे पैसा नव्हता, सात फुटी मुलं नव्हती. एका कोर्टावर चार वयांची पोरं होती, आणि खेळून झालेले थोरले शिकवायला परत यायचे. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली, त्यामागेही डोंगराएवढी व्यवस्था नव्हती. या शहरात मुलींचा बास्केटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातोय, एवढं भांडवल होतं. अडतं ते पुढे. वीस-बाविसाव्या वर्षी, जेव्हा तोलामोलाचे जोडीदार आणि वर्षाला सत्तर-ऐंशी कठीण सामने लागतात, तेव्हा आपला खेळाडू रेल्वेत नाहीतर बँकेत नोकरी शोधत असतो. त्याची चूक नाही, घर चालवायचं असतं.

मे 2010 मध्ये गार्नेटच्या बॉस्टनने लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलंडला हरवलं. सामन्यानंतर लेब्रॉनच्या भवितव्याबद्दल विचारलं तेव्हा गार्नेट म्हणाला होता की निष्ठा कधी कधी माणसाला दुखावते, कारण तारुण्य परत मिळत नाही. दोन महिन्यांत लेब्रॉन मायामीला गेला आणि तिथे दोन अजिंक्यपदं घेतली. क्लीव्हलंडमध्ये लोकांनी त्याच्या नावाच्या जर्सी जाळल्या. गेला तेव्हा तो पंचविशीचा होता, दोनदा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला होता. शिकायचं ते त्याने क्लीव्हलंडच्या सुमार सहकाऱ्यांसोबतच शिकून घेतलं होतं. माझ्या मते जायची वेळ त्याने अगदी अचूक पकडली. गार्नेट तीन वर्षं उशिरा निघाला.

क्लब आणि अकादम्यांचे नवे प्रवेश दरवर्षी सुरू होतात. आपल्या मुलाला किंवा मुलीला तिथे घालायचा विचार असेल, तर भिंतीवरचे चषक आणि राष्ट्रीय खेळाडूंचे फोटो बघून फॉर्म भरू नका. संध्याकाळी तासभर कोर्टाच्या कडेला उभे राहा. दहा-बारा वर्षांची मुलं सामन्यात किती मिनिटं खेळतात, चूक झाल्यावर त्यांना बाहेर काढतात की खेळू देतात, आणि अठरा-वीस वर्षांचं कोणी त्यांच्याशी बोलतं का, एवढं बघा, आणि मग पैसे भरा.